‘एमएसडब्ल्यू की सायकॉलॉजी?’ याचे उत्तर आपल्या खात्याकडे आहे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.



पदवीचे निकाल लागले की समाजकार्य महाविद्यालयांत चौकशीला येणारी मुले-मुली फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात: एमएसडब्ल्यू करू की एमए सायकॉलॉजी? मी अशाच एका महाविद्यालयात शिकवते, म्हणून तो माझ्या टेबलावर येतो. खरे तर तो मंत्रालयात यायला हवा. या मुलांना अभ्यासक्रमांतला फरक विचारायचा नसतो. तो माहितीपत्रकात छापलेला असतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यायचे आणि त्यातून वाट काढायला त्याला हात द्यायचा, हे काम आपल्याला जमेल असे त्यांना वाटत असते. त्या कामावर घर चालेल का, एवढेच त्यांना कळून घ्यायचे असते. आणि ते आपल्या खात्याचा आकृतिबंध ठरवतो. आपल्यापाठोपाठ गृह, महिला व बालविकास आणि विधी व न्याय ही खाती. माझ्या हाती त्यातले काहीच नाही.

हे दोन रस्ते मुळात वेगळे नव्हते. नागपाड्यात काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याच वर्षी, 1937 मध्ये, तिथे मुलांच्या मानसिक अडचणींसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडले. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची देशातली पहिली नेमणूक झाली. वस्ती, वॉर्ड आणि मन ही तिन्ही एकाच शिक्षणाची अंगे मानली गेली होती. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपूरची महाविद्यालये असा विस्तार झाला, आणि कधीतरी लोकांच्या मनात एक रेघ ओढली गेली. समाजकार्य म्हणजे योजना, सर्वेक्षण, एनजीओची जीप. थेरपी म्हणजे शहरातली एसी खोली, दोन खुर्च्या आणि तासाची फी. ही फाळणी अभ्यासक्रमाने केली नाही, पगाराने केली.

रुग्णालयापासून सुरू करते, कारण ते आपले घर आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचे पद असते. रुग्णांच्या तोंडी ‘एमएसडब्ल्यू मॅडम’. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही बाई दिवसभर कागद गोळा करते: रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, सिद्धिविनायक न्यासाला पत्र. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी 10 टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्यातली एक मिळवण्यासाठी फोनवर फोन. हे सगळे ती करतेच. पण त्या टेबलाशी अर्धा तास बसून पाहावे. नंदुरबारहून आलेल्या बापाला पोराच्या हृदयात भोक आहे म्हणजे काय हे डॉक्टरांनी सांगितलेले असते. तो मान डोलावून बाहेर येतो आणि ‘म्हणजे काय झालंय नेमकं?’ हे या बाईला विचारतो. कॅन्सर झालाय हे ह्यांना सांगू नका म्हणणारी बायको, आणि मला कळलंय पण हे तिला सांगू नका म्हणणारा तिचा नवरा, दोघेही वेगवेगळ्या वेळी तिच्यासमोर बसून गेलेले असतात. विष घेऊन वाचलेल्या पोरीचा जबाब पोलीस नोंदवतात, पण ती बोलते ते इथे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असे धरून चालावे आणि त्याला उपचार व पुनर्वसन द्यावे, असे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 115 वे कलम सरकारला सांगते. ते कर्तव्य वॉर्डात प्रत्यक्ष कोण पार पाडते? हीच बाई, दोन दाखल्यांच्या मधल्या वेळात.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत तर हे काम आणखी अवघड होते. बरा झालेला माणूस घरी न्यायला कोणी येत नाही. पत्ता जुना असतो, भाऊ फोन उचलत नाही, वाटणीत नाव नको असते. मनोविकृती विभागातला समाजसेवा अधीक्षक पत्रे लिहितो, गाव शोधतो, सरपंचाशी बोलतो, कधी रुग्णाला घेऊन स्वतः एसटीत बसतो. नुसता पोचवून भागत नाही. गोळ्या कोण देणार, शेजारी काय बोलतील, शेतावर त्याला कोणते काम जमेल हे त्या ओसरीवर बसून ठरवावे लागते. कोणत्याही खासगी क्लिनिकमधल्या पन्नास मिनिटांच्या सेशनइतकेच हे मानसोपचाराचे काम आहे, असे माझे मत आहे. फरक एवढाच की याला कोणी थेरपी म्हणत नाही आणि करणाऱ्याला कोणी थेरपिस्ट म्हणत नाही.

आपल्या खात्याबाहेरही अशा जागा आहेत, आणि त्यांतली एक महाराष्ट्राने देशाला दिलेली आहे. 1984 मध्ये टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी समाजकार्यकर्ती ही कल्पना तेव्हा नवीन होती. 2005 मध्ये राज्य सरकारने ती आपलीशी केली. मारहाण सोसून आलेल्या बाईला ठाणे अंमलदार फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून देतो आणि वर ‘संसार आहे, चालायचंच’ म्हणतो. शेजारच्या खोलीत बसलेली समाजकार्यकर्ती तिला आधी विचारते, ‘तुला काय हवंय?’ परत जायचे आहे, वेगळे राहायचे आहे, लेकरे हवीत, दागिने-भांडी हवीत की फक्त मारणे थांबायला हवे? मग ती नवऱ्याला बोलावते, स्त्रीधन परत मिळवून देते, गरज पडली तर गुन्हा नोंदवून घ्यायला साहेबांच्या मागे लागते. माझ्या विद्यार्थ्यांना तिथे फील्डवर्कला पाठवले की पहिले काही आठवडे ते चिडलेले असतात. त्यांना समेट घडवायचा असतो किंवा नवऱ्याला आत टाकायचे असते. बाईला काय हवे आहे हे ऐकायला वेळ लागतो. तो वेळ हेच या धंद्याचे शिक्षण आहे.

बाकीच्या वाटा भराभर सांगते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत एक तरी महिला असावी लागते. मुलाने गुन्हा का केला याचा सामाजिक तपास अहवाल परिविक्षा अधिकारी लिहितो. दत्तक मूल मागणाऱ्या जोडप्याचे घर पाहून अहवाल देणारी समाजकार्यकर्ती असते. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून प्रत्यारोपण रुग्णालयांना समन्वयक नेमावाच लागतो. मेंदूमृत मुलाच्या आईबापाशी बोलणारा तो समन्वयक पुष्कळदा एमएसडब्ल्यूच असतो. एचआयव्ही तपासणी केंद्रांतले आणि किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमधले समुपदेशक आहेत, कारागृहांत जाणारे आहेत. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीतले निम्मे वर्गमित्र ठाणे-पिंपरीच्या कारखान्यांत गेले असे ज्येष्ठ सांगतात. आता तो रस्ता एचआर नावाने एमबीएवाल्यांनी व्यापला. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेत. त्यांच्यावर मुख्य समुपदेशकाचे पद नियमांतच धरलेले आहे, हे मुद्दाम नोंदवते. शिडी लावायची ठरवली तर लावता येते.

कायद्याने एवढ्या खुर्च्या मांडल्या आहेत. मग माझ्या वर्गातली चांगली मुले त्यांवर का बसत नाहीत?

बसतात, पण टिकत नाहीत. यातल्या बहुतेक खुर्च्या कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. प्रकल्प बंद झाला की खुर्ची गेली. बारा-पंधरा वर्षे समुपदेशक म्हणून काम केलेल्या आणि तरीही पहिल्या दिवशीच्याच पदनामावर असलेल्या माजी विद्यार्थिनी मला ठाऊक आहेत. डॉक्टर वैद्यकीय अधिकाऱ्याचा जिल्हा शल्यचिकित्सक होतो, परिचारिका अधिसेविका होते. समाजसेवा अधीक्षकाच्या वर बहुतेक ठिकाणी भिंत आहे. शिवाय सुट्टीतल्या लसीकरण मोहिमेला, शिबिराच्या नोंदणीला, मंत्र्यांच्या दौऱ्यात सतरंज्या मोजायला (आपण रागावणार नाही अशी आशा आहे) हाताशी असलेला माणूस तोच. पगार वाढवून मागितला तर ऐकावे लागते, ‘समाजसेवेत कसला पगार बघता?’ हे वाक्य मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकले आहे की ते सेवानियमांत छापलेले असावे अशी शंका येते.

दुसरा रस्ता पाहू. एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर आजवर दोन वर्षांचे एम.फिल. आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागत आली. 1992 च्या कायद्याने ती नोंदणी सक्तीची आहे, आणि ते योग्यच आहे. पण जागा मोजक्या, त्यामुळे झुंबड मोठी. ज्यांना त्यात जागा मिळत नाही ते समुपदेशनाचे एमए करतात, मग शनिवार-रविवारचे कोर्स, ऑनलाइन प्रमाणपत्रे, आणि पाटी. समुपदेशक अशी पाटी लावायला आजही कोणी अडवत नाही. काहींचे काम उत्तम असते, काहींच्या हाती माणूस देऊ नये असे असते, आणि येणाऱ्याला यातले कोण कुठले हे कळायचा मार्ग नाही. चांगला थेरपिस्ट व्हायचे तर स्वतःची थेरपी करून घ्यावी लागते, अनुभवी व्यक्तीकडे जाऊन आपल्या केसेस मांडाव्या लागतात. दोन्हींचे पैसे पदरचे जातात. शिकवणारी पुस्तके इंग्रजीत, ग्राहकवर्ग पुण्या-मुंबईतला. बीडच्या ऊसतोड कामगाराची मुलगी हे गणित दोन मिनिटांत मांडते आणि म्हणते, मॅडम, मी एमएसडब्ल्यूच करते, निदान भरतीची जाहिरात तरी येते.

अर्थात ती नेहमी येत नाही.

पदव्यांच्या या रांगेबाहेरही दोन वाटा आहेत आणि दोन्ही आपल्या मातीतल्या आहेत. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. प्यायल्यावर घरात काय होते हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. शिकवावे लागले ते ऐकणे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये उभ्या केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने मनाच्या आरोग्याला मराठीत, चारचौघांत, व्यासपीठावर आणले, आणि कार्यकर्त्यांना त्यासाठी तयार केले. दुसरी वाट गोव्याची. संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना तयार केले आणि नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार त्यांच्या हाती दिला. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले: रुग्णांना खरेच फायदा झाला होता. त्याच धर्तीवर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षाने 27.2 टक्के पोचू लागले. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात हा आकडा लहान नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये सांगितले होते की विकारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना राहतात.

मात्र हे आकडे आपल्यासमोर येतील तेव्हा शेजारी एक चतुर टिपण जोडलेले असेल: बघा, पदवीशिवाय काम होते, तर आशाताईंनाच हेही सांगू. कृपया त्या टिपणावर सही करू नये. गोव्यात त्या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, सहकारी एकत्र बसून त्या ऐकत, गुण देत, चुका काढत, आणि तज्ज्ञ मागे उभे असत. उपचार चालला तो या देखरेखीमुळे. आशाताईंकडे आधीच किती रजिस्टरे आहेत हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांनी घरातले दुःख ओळखावे, पण ते घेऊन त्यांनी जायचे कुणाकडे? तालुक्याला बसलेला, प्रशिक्षित, कायम पदावरचा समाजकार्यकर्ता हवा, आणि त्याचे काम तपासायला जिल्ह्याला एक अनुभवी पर्यवेक्षक हवा. तीच ती शिडीची वरची पायरी. शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्प, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, 14416 वरची टेलिमानस हेल्पलाइन ही सगळी साखळी आपल्याकडे आहेच; फोन उचलणारा आहे, पण फोन ठेवल्यानंतर त्या घरी जाणारा माणूस कराराच्या शेवटच्या महिन्यात आहे.

आता एक गाठ, जी दिल्लीची आहे पण सोडवायला राज्याने ओरडावे लागेल. 2017 च्या कायद्यात मनोविकृती समाजकार्यकर्ता कोण याची व्याख्या आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे, देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह केलेले एम.फिल. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी एम.फिल.च बंद केले. आरडाओरड झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकृती समाजकार्य या दोन विषयांना जानेवारी 2024 मध्ये 2025-26 पर्यंत मुदत मिळाली. एका हाताने कायदा पदवी मागतो, दुसऱ्या हाताने आयोग ती बंद करतो. आमच्या मुलांनी यासाठी बेंगळुरूचे निम्हान्स, रांची, तेजपूर इथे जाऊन दोन-दोन वर्षे काढली आहेत. पुढच्या तुकडीला मी कुठे पाठवू? 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने वैद्यकीय, मनोविकृती आणि क्लिनिकल समाजकार्यकर्ते तसेच निरनिराळे समुपदेशक पहिल्यांदाच आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत आणले. हे फार मोठे पाऊल आहे. त्या कायद्याखालच्या राज्य परिषदेत समाजकार्याची बाजू मांडणारा माणूस खरोखर रुग्णालयात काम केलेला असावा, नुसता संस्थाचालक नसावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

माझ्या मागण्या खर्चिक वाटतील, म्हणून स्वस्तातल्या आधी सांगते. एमएसडब्ल्यूची मुले आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क करतात. आपल्या रुग्णालयांत, आपल्या रुग्णांसाठी, स्वतःच्या खिशातून बसभाडे भरून. शिकाऊ डॉक्टरला विद्यावेतन मिळते. या मुलांना निदान भाड्यापुरते आणि जेवणापुरते द्यावे. कंत्राटी समुपदेशकांना महिन्यातला एक दिवस आपल्या केसेस वरिष्ठापुढे मांडण्यासाठी मोकळा द्यावा आणि त्या दिवशी त्यांना अहवाल भरायला बसवू नये. नंतर मोठी मागणी: समाजसेवा अधीक्षकाचे सेवाप्रवेश नियम नव्याने लिहून त्यात वरिष्ठ आणि जिल्हा पर्यवेक्षक अशी पदे घालावीत, आणि वर्षानुवर्षे करारावर काम केलेल्यांना त्यात पहिला हक्क द्यावा.

तोपर्यंत माझ्या टेबलाशी येणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगते. एकेका माणसाच्या आतले गुंते सोडवण्यात मन रमत असेल आणि चार-पाच वर्षे पगाराविना शिकण्याची घरची ताकद असेल तर मानसशास्त्राकडे जा. माणसाबरोबर त्याचे घर, त्याचे रेशनकार्ड, त्याचे पोलीस ठाणेही पाहायचे असेल तर समाजकार्याकडे या. नंतर थेरपीचे शिक्षण घेता येईल आणि ते वाया जाणार नाही. दोन्हींत नाव होते, दोन्हींत माणूस थकतो. एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये.

जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. त्याआधी आपल्या खात्याने एक साधी जिल्हावार यादी जाहीर करावी: समाजसेवा अधीक्षक, मनोविकृती समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती. ती यादी मी महाविद्यालयाच्या फलकावर लावीन. निर्णय मुले घेतील.

आपली,
समाजकार्याची एक शिक्षिका